नाव तेच, दारू वेगळी

तुमच्या हातची चूक तुम्हाला न विचारता गावोगाव फिरत असेल, आणि ती कोणाकोणाच्या घरात शिरली आहे हे तुम्हाला ठाऊक नसेल, तर तुम्ही काय कराल? अरुणकाका दोन वर्षं पत्रं लिहीत राहिले. मग ते गेले.

सिंगापुरात, आंग मो किओच्या ऑफिसात माझा पेजर वाजला तेव्हा चार वाजत आले होते. मी फोन लावला. काकू म्हणाल्या, "अगं, दुपारचे आडवे झाले होते, चहाला उठवायला गेले तर..." त्याला आता सहा आठवडे झाले.

काका माझ्या बाबांचे शाळेपासूनचे मित्र. जहाजावर इंजिनीयर म्हणून आयुष्य काढलं आणि मग सिंगापूरलाच राहिले. मी इथे नोकरीला आले तेव्हा बाबांनी मला त्यांच्या हवाली केलं. पहिल्याच रविवारी चोआ चू कांगच्या त्यांच्या फ्लॅटवर गेले, तर काकू कणीक मळता मळता म्हणाल्या, "ते होय, आत दारूचं बघत बसलेत." माझे बाबा दारूबंदीचे कार्यकर्ते. मी अक्षरं शिकले तीच मुळी घरी छापल्या जाणाऱ्या पत्रकांवरून. मी तरातरा आत गेले आणि भाषण ठोकायला तोंड उघडलं. टेबलावर ना बाटली, ना पेला. दोन जाडजूड इंग्रजी पुस्तकं शेजारी शेजारी उघडी, ओळीखाली धरलेली पट्टी आणि काकांच्या हातात लाल पेन्सिल.

"आलं बापाचं पत्रक!" काका म्हणाले. "बस. ही दारू प्यायची नसते गं, उडवायची असते."

ती वापरलेली काडतुसं पुन्हा कशी भरायची, याची मॅन्युअलं होती. कुठल्या गोळीमागे किती दारू, याचे पानोपान तक्ते. एक काकांच्या तरुणपणचं, ते गावाकडे रायफल क्लबात जात तेव्हाचं. दुसरं नवं, एका अमेरिकन कॅप्टनने जहाज सोडताना दिलेलं. इथे तर घरात काडतूस ठेवायचीही सोय नाही. मला शस्त्रांचा मनापासून तिटकारा. "बंदूक नाही, काही नाही, मग हा अभ्यास कशाला?" मी फणकारले. त्यांनी दोन्ही पानांवर एकेक बोट ठेवलं. "वाच." रायफल तीच, गोळी तेवढ्याच वजनाची, दारूचं नावही तेच. पण नव्या पुस्तकातला जास्तीत जास्त दारूचा वरचा आकडा जुन्यापेक्षा बराच खाली होता.

"म्हणजे जुनं चुकीचं?"

"तेव्हाच्या मापाने बरोबर होतं. नळीतला दाब किती, हे तांब्याचा तुकडा किती चेपला त्यावरून ठरवायचे. आता यंत्रावर दाबाचा झटकान् झटका दिसतो. आणि कारखाना बदलला की नाव तेच राहतं, दारू वेगळी होते. काकूच्या मसाल्याच्या पुडीचं होतं तसं. फक्त इथे जीभ नाही, बोटं जातात."

मग त्यांनी सांगितलं ते मला अजून पचलेलं नाही. जुन्या पुस्तकातले तक्ते त्यांनीच मराठीत उतरवले होते. क्लबात इंग्रजी वाचणारे थोडे, नवी काडतुसं मिळायची मारामार. पुस्तिका निघाली आमच्याच घरातल्या सायक्लोस्टाइलवर. मूळ पुस्तकात तक्त्यांआधी इशाऱ्याचं एक पान होतं: वरच्या आकड्यापासून कधीही सुरुवात करू नका, खालून हळूहळू चढा, दारूचा डबा बदलला की पुन्हा खालून या. ते पान वगळलं. एक स्टेन्सिल वाचेल म्हणून, आणि बाबा म्हणाले म्हणून. "सूचना कोणी वाचत नाही, अरुण. थेट मुद्द्यावर ये." पत्रकं काढणाऱ्या माणसाचा सल्ला. आमच्या घरातली सगळी पत्रकं अशीच थेट मुद्द्यावर येत. मला त्याचा केवढा अभिमान होता!

नवं मॅन्युअल हाती आलं त्या दिवसापासून काकांनी आठवतील तेवढ्या माणसांची यादी केली आणि एकेकाला पत्र घातलं. बरीच पत्रं परत आली. एकाने लिहिलं, "सिंगापूरचं पाणी लागलेलं दिसतंय, भित्रा झालास." दुसऱ्याने कळवलं की पुस्तिका भाच्याला दिली, भाच्याने झेरॉक्स काढून आणखी कोणाला. मग एक पोस्टकार्ड आलं, बाईच्या अक्षरातलं: "ह्यांच्या हातात बंदूक फुटली. उजवा डोळा गेला. तुमच्या पुस्तिकेमुळे की कशामुळे, आता कोण सांगणार?"

त्या रविवारी काका मला ईस्ट कोस्टला समुद्रकिनारी घेऊन गेले. हॉकरच्या टपरीवरची कॉफी समोर निवत राहिली. "छापलेलं परत कसं बोलवायचं गं?" ते म्हणाले. "तू पेपरात लिहितेस ना? सांग."

मी बाबांना आयएसडी लावला. म्हटलं, एक पत्रक काढा, चूक झाली म्हणून. "वीस-बावीस वर्षं झाली त्याला. कोण जपून ठेवतंय? उगाच आपल्या हाताने आपली बदनामी." मी ओरडले, "जन्मभर लोकांच्या चुकांवर पत्रकं काढलीत, आपल्या एका चुकीवर एक ओळ नाही?" मीटर पळत राहिला... शेवटी मीच फोन ठेवला. काका गेल्याचं सांगायला पुन्हा केला तेव्हा ते रडले. पत्रकाचं मात्र बोलले नाहीत.

काकूंनी यादी माझ्याकडे दिली आहे. अर्ध्याहून अधिक नावांपुढे उत्तर आल्याची खूण नाही. काही माणसं हयात नसतील, आणि झेरॉक्स प्रतींना तर नावंच नाहीत. सगळ्या परत येतील अशी आशा मला नाही. काकांनाही शेवटी ती उरली नव्हती, तरी जाण्याआधीच्या सोमवारी त्यांनी एक पाकीट पोस्टात टाकलं होतं.

म्हणून हे इथे लिहिते आहे. तुमच्या घरात, वडिलांच्या ट्रंकेत, मामाच्या कपाटात 'काडतूसभरणी' नावाची जांभळ्या शाईतली पातळ पुस्तिका किंवा तिची झेरॉक्स असेल, तर तिच्यातल्या एकाही आकड्यावर विसंबू नका. रद्दीत घालू नका, रद्दीतून ती पुन्हा कोणाच्या तरी हाती जाईल. पाण्यात भिजवा आणि फाडा. आणि कधी काळी ती कोणाला वाचायला दिली असेल, तर हा पेपर खाली ठेवून आधी त्याला कळवा.