शिंगाड्याखालचं पाणी

टीना भंडाऱ्यात उपग्रहाच्या छायाचित्रांवरून नकाशे करते. सिहोऱ्याकडच्या नव्या दगडखाणीच्या पर्यावरण अहवालात तिनं खाणीशेजारचा हिरवा तुकडा शेत म्हणून रंगवला. अहवाल सकाळीच गेला. दुपारी खाणीजवळच्या गावात राहणाऱ्या मावशीचा, आनंदाबाईचा, फोन आला.

"यंदा शिंगाड्याच्या येलानं आमचा तलाव असा झाकला, बाई, का पाणीच नाई दिसत."

टीनानं छायाचित्र पुन्हा उघडलं. तो हिरवा तुकडा म्हणजे हाच तलाव होता. नकाशात तलाव दिसला असता, तर नियमानं खाण लांब न्यावी लागली असती.

"सर, ते शेत नाही, तलाव आहे," ती ऑफिसातल्या वरिष्ठ चंद्रकुमार सरांना म्हणाली.

"गेला न अहवाल. आता कायले उकरून राहिली? नोकरी नको का तुले?"

तिनं जागेवर येऊन तलाव निळा केला. चूक माझी, असं लिहून नकाशा सरकारी कार्यालयाला पाठवला. आतून सरांनी हाक मारली. टीना उठली आणि निळ्या तलावाचा नकाशा घेऊन आत गेली.