पांढऱ्याखालचा लाल

माझ्या सासूबाई पाट्या रंगवायच्या. सासरे छापखान्यात शिशाचे खिळे जुळवायचे. मोठ्या जाहिरातींना पुरतील एवढे मोठे खिळे तिथे नव्हते, म्हणून सासूबाईंनी ब्रश हातात घेतला आणि बघता बघता अख्ख्या बाजाराच्या पाट्या त्यांच्या अक्षरात झाल्या. जाड काना आणि शेवटाला पोट सुटलेली वेलांटी. "ही जेवून आलेली दिसते," असं सासरे चिडवायचे.

सासरे गेले, छापखान्यात कॉम्प्युटर आला. त्यांच्या धाकट्या भावाने, म्हणजे आमच्या काकांनी, वहिनीच्या मुळाक्षरांचा तक्ता 'आठवण म्हणून' मागून नेला, त्याचा फॉन्ट केला आणि वर स्वतःचं नाव दिलं. दुकानदार त्यातच पाट्या छापून घेऊ लागले. सासूबाईंचे ब्रश वाळून कडक झाले. घरच्याच माणसाने केसाने गळा कापला! त्यांनी रंगाचे डबे माळ्यावर चढवले. भांडी मी आपटली.

मग हाताने रंगवलेल्या पाट्यांची फॅशन आली. काका आपल्या नव्या छपाईच्या दुकानासाठी पाटी मागायला आले. लाज कोळून प्यायलेला माणूस!

"वहिनी, तुमच्या हाताची सर मशीनला नाही."

"करते की, भावजी. घरचंच काम."

सासूबाईंनी लाल रंगाचा एक जुना डबा काढला. पाटीवाले हा रंग कधी खाली लावत नाहीत. वरून पांढऱ्याचे कितीही हात मारा, ऊन लागलं की तो फुटून वर येतोच. त्यांनी कोऱ्या पत्र्यावर खालच्या बाजूला त्याच लालने एक ओळ लिहिली, सगळीकडे पांढरा दिला आणि वर काळ्यात दुकानाचं नाव काढलं. इतकं मन लावून काम करताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

उद्घाटनाला काकांनी पाटीखाली फोटो काढून घेतले. उन्हाळा तापला आणि नावाखाली ओळ उगवली: 'अक्षरं वहिनीची, नाव भावजीचं.' काकांनी तिच्यावर पांढरा मारला. ती पुन्हा उगवली. येणारा-जाणारा हसायचा.

काका तणतणत आले. "वहिनी, भर बाजारात अब्रू घेतलीत!"

"तक्ता परत आणा, भावजी. पाटी नवी करून देते."

तक्ता काही आला नाही. काकांनी छापील पाटी लावली, त्याच चोरलेल्या अक्षरात. आता गिऱ्हाईक त्यांच्याच काउंटरवर म्हणतं, "ते वहिनी अक्षर आहे ना, त्यात छापा."

मला विचाराल तर शिक्षा कमीच झाली. सासूबाईंनाही तसंच वाटत असावं. अधूनमधून त्या मला मुद्दाम तिथे एखादं कार्ड छापायला पाठवतात. "अक्षर कुठलं, ते त्यांच्याच तोंडून वदवून घे," म्हणतात.