उकंडी कढी

आम्ही गाव सोडलं ते भर दुपारी. तोंड लपवून पहाटेच निघा, असं काका सांगत होता. बाबांनी ऐकलं नाही. एक गाडी, तिच्यात जातं, चार भांडी, माय आणि मी. बाबा बैलांच्या पुढं चालत होते. पारावर तुम्ही सगळे बसला होतात. कोणीतरी ओरडलं, “भिजके चालले रे, भिजके!” आणि तुम्ही हसलात. ओरडला कोण ते मी पाहिलं होतं. त्याचं नाव लिहीत नाही, कारण हसण्यात कोणीच मागं नव्हतं.

भिजके हे काही आमचं आडनाव नव्हे. ते आम्हाला आठ दिवसांपूर्वीच चिकटलं होतं. तुमच्या नातवंडांना हे ठाऊक नसणार. त्यांच्यासाठी, आणि आमच्यासारखे जे पोटासाठी अमरावती-अकोल्याला पांगले त्यांच्यासाठी, हे लिहून ठेवतो.

तिकडं अमेरिकेत लढाई जुंपली आणि इकडं आपल्या काळ्या मातीतल्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला. ज्यानं त्यानं ज्वारी सोडून कापूसच पेरला. साऱ्या गावाची रुई एकदमच गाड्यांवर अमरावतीच्या बाजारात जायची आणि गठ्ठ्यांच्या गाठी बाबा बांधायचे. रीत अशी होती की ज्यानं गाठ मारली, तोच आतल्या मालाचा जामीन. म्हणून गाठ मारण्याआधी आत हात घालून पाहायचा. बाबा साऱ्यांच्या गठ्ठ्यात हात घालायचे, फक्त उकंडरावाच्या नाही. तो आमचा बांधाशेजारी. पेरणीला त्याचे बैल आमच्या शेतात, आमचे त्याच्या. “त्याच्या मालात हात घालू? मंग त्याच्या घरी पानी कोन्या तोंडानं पिऊ?” असं बाबा म्हणायचे.

त्या वर्षी भेसळ इतकी माजली होती की बाजारातला दलाल कोणाचाच माल तपासल्याशिवाय सोडत नव्हता. त्यानं नेमका उकंडरावाच्या गठ्ठ्यात कोपरापर्यंत हात घातला आणि ओला बाहेर काढला. वजन वाढावं म्हणून रुईवर पाणी मारलेलं.

“गाठ कोनाची?” दलालानं विचारलं.

“माही,” बाबा म्हणाले.

त्यांनी उकंडरावाकडं एकदाच पाहिलं. तो बैलाच्या मानेवरच्या गोचिड्या काढत होता. “ज्याचा माल हाये, तो बोलन,” असं बाबा मला हळूच म्हणाले. तो बोलला नाही. गठ्ठा कोणाचा ते तिथं उभ्या असलेल्या आपल्या गावच्या प्रत्येकाला माहीत होतं, आणि एकानंही तोंड उघडलं नाही. कसं उघडणार? उकंडरावाचा वाढता काळ होता, त्याच्याशी वाकडं कोण घेणार! गाठी साऱ्या बाबांच्याच हातच्या, म्हणून दलालानं गावाचा कोणताच माल घेतला नाही. साऱ्या गाड्या माल न विकता परत आल्या आणि त्याचं खापर आमच्या डोक्यावर फुटलं. तेव्हापासून खोट्या शब्दाला तुम्ही ‘भिजक्याची गाठ’ म्हणू लागलात. सोयरिकीच्या बोलण्यात, जमिनीच्या वादात अजूनही म्हणता. तुमची ती म्हण अशी जन्मली, आणि खोटीच जन्मली.

अमरावतीत बाजाराला लागून मायनं गाडीवानांसाठी खानावळ घातली. भाकर, ठेचा, डाळीचे वाफवलेले फुणके आणि कढी. बाबा लाकडं फोडायचे, पण मोळी बांधायची वेळ आली की दोरी माझ्याकडं टाकायचे. “तूच बांध.” मरेपर्यंत त्यांनी पुन्हा गाठ मारली नाही, बैलाच्या दाव्याचीसुद्धा नाही. ते पाहून माझं डोकं फिरायचं.

एके दिवशी गाड्या फार आल्या आणि मायनं कढीत दोन तांबे पाणी ओतलं. वलगावचा एक गाडीवान वाटी हलवत म्हणाला, “मावशी, ह्यात ताक कुठी दडून राह्यलं वो?”

“हे उकंडी कढी हाये,” मी म्हणालो. “आमच्या गावच्या उकंडरावानं रुईत पानी घातलं, तसं आमी कढीत घातलं.” मग सारी गोष्ट सांगितली, नावागावासकट. गाडीवान पोट धरधरून हसले. दुसऱ्या दिवसापासून मी एक पातळ पातेलं वेगळंच ठेवू लागलो. ती कढी फुकट, अट एवढीच की ती नाव घेऊन मागायची. गाड्यांबरोबर ते नाव गावोगाव गेलं. पुढं आगगाडी आली, आणि अकोल्याच्या टेसनाजवळ एका अनोळखी बाईनं मला तीच कढी त्याच नावानं वाढली. त्या दिवशी मी दोन वाट्या प्यायलो.

बाबांना हे आवडलं नाही. “नाव चिकटवनं सोपं हाये, बापू,” ते म्हणायचे. “कोनाकोनाले चिकटन, ते आपल्या हाती नसते.” मी कानाडोळा केला.

ते गेल्यावर बऱ्याच वर्षांनी मी गावात आलो, चुलतभावाच्या मुलीच्या लग्नाला. पंगतीत समोरच उकंडराव बसला होता, पार म्हातारा झालेला. कढी वाढायला त्याची धाकटी सून. इतर बाया खुशाल “उकंडी घ्या, उकंडी” म्हणत फिरत होत्या. पण सून सासऱ्याचं नाव कसं घेणार! ती आपली “पातळ घ्या” म्हणत होती, आणि तुम्ही द्रोणावर हात ठेवून तिला अडवत होतात. “कोन्तं पातळ वो, सूनबाई? नाव घ्या, मंग वाढा!” तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. हे प्रत्येक पंगतीत होत असावं.

“पुरे कर न आता,” उकंडराव मला म्हणाला. “पोरीचा काय गुन्हा हाये?”



“तो माल कोनाचा होता, येवढं चार मानसात सांगा,” मी म्हणालो. “मी आजच्या आज माहं पातेलं उपडं करतो.”

त्यानं तोंड उघडलं, तुमच्या सगळ्यांकडं पाहिलं, आणि खाली मान घालून भात कालवू लागला.

माझं घर आता अमरावतीत आहे. चूल तिथं, पोरंबाळं तिथं, बाबांची राखही तिथलीच. गावात माझा बांध नाही की भिंत नाही. गाव माझं उरलंय ते त्या पंगतीतल्या एका पत्रावळीपुरतं, आणि ती मी सोडणार नाही.

सून माझ्यापुढं आली. मला तिची दया आली, खोटं कशाला सांगू? तरी मी द्रोणावर हात ठेवला.

“काय वाढून राह्यली, पोरी?” मी विचारलं.