पत्र्याखालचा कप

लहानपणाची माझी एक आठवण आहे ती सगळी तोंडातली. कोमट, खारट, नाकात झोंबणारं काहीतरी घशात ओतलं जातंय, कुणीतरी माझे गाल करकचून दाबून धरलेत आणि मी ओकतेय. त्याच्या आधीचं काही आठवत नाही, नंतरचंही नाही.

घरी विचारलं की ठरलेलं उत्तर मिळे: "द्राक्षावरचं औषध प्यायली होतीस." पिंपळगावला आमची बाग होती, फवारणीची औषधं ओट्यावरच पडलेली असत, त्यामुळे पटायचं. मी द्राक्षं खाणंच सोडलं. नाशिकच्या कॉलेजात त्यावरून माझी यथेच्छ टिंगल झाली. पण विष पोटात गेलेल्या पोरीला दवाखान्यात का नेलं नाही, असं विचारलं की आई चहा ठेवायला उठायची. मी तिसरी मुलगी. नकोशी म्हणून मला कुणी मुद्दाम पाजलं असेल का, हा विचार एकदा डोक्यात शिरला तो निघेना. काकांकडे, आत्याकडे, घरातल्या प्रत्येकाकडे मी त्याच नजरेने बघायला लागले.

पुढे नाशिकला आम्ही फ्लॅट घेतला. वास्तुशांतीला गुरुजींनी तळहातावर पंचगव्य दिलं. जिभेला लागलं मात्र, मी पूजेवरून उठून बेसिनकडे पळाले. दूध, दही, तूप सगळ्याच्या खालून तीच चव वर आली होती. मागोमाग आई आली.

"हेच पाजलं होतं ना मला?"

"नुसतं गोमूत्र होतं गं ते. त्यानं काय होतं? औषध म्हटलं की तू त्या बाटल्यांना हात लावायची नाहीस, म्हणून तसं सांगायचो."

मग तिने सांगितलं, भाजीचा भाव सांगावा तसं. बागेत घडांतले मणी विरळायला सुरगाण्याकडची आदिवासी माणसं मजुरीला यायची. त्यांचे कप वेगळे, गोठ्याच्या पत्र्याखाली उपडे घातलेले. चहाच्या वेळी ज्याने त्याने आपला कप पुढे धरायचा, वरून चहा ओतला जायचा, पिऊन झाला की विसळून पुन्हा तिथेच ठेवायचा. हे मलाही आठवत होतं. तेव्हा त्यात मला काही वावगं वाटलं नव्हतं.

"तू त्यातल्या एकीच्या मांडीवर बसून तिच्या कपातला चहा प्यायलीस. आत्यानं बघितलं. मग शुद्ध करायला नको?"

"गाल कुणी धरले होते?"

"मीच. दुसरं कोण धरणार?"

म्हणजे मला कुणी मारायला निघालं नव्हतं. इतक्या वर्षांचं ओझं उतरलं, पण बरं वाटेना. याच्यापेक्षा औषध परवडलं असतं.

"आणि त्या बाईचं काय केलंत?"

"तिचं काय करायचं? लय घाबरली होती बिचारी. गोठ्यातून गोमूत्र तिनंच आणून दिलं."

"तिच्या हातचं कसं चाललं मग?"

"त्याला कुठं विटाळ असतो?" आई म्हणाली. तिला माझा प्रश्नच कळला नव्हता. बाहेरून गुरुजी बोलावत होते. घाई करत तिने पदर घेतला आणि माझं तोंड पुसायला हात पुढे केला. मला त्या हाताची किळस आली. मी तोंड फिरवलं आणि नळ मोठा सोडला.