कवळीताईची रविवारची झोप

कवळीताई हे नाव तिला वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी मिळालं. त्याआधी ती कामावर नुसती 'बाई' होती आणि घरात थोरल्या बहिणीची 'धाकटी'. दातांच्या एका लॅबमध्ये ती कवळ्या बनवायची. डेंटिस्टकडून जबड्यांचे ठसे यायचे. त्यांत प्लास्टर ओतून ती साचा काढायची, साच्यावर गुलाबी मेणाची कड बसवायची आणि त्या मेणात एकेक दात रोवत जायची. ज्याची कवळी, तो माणूस तिने कधी पाहिलेलाच नसायचा, पण ठसा हातात घेतला की ती सांगून टाकायची, "हे गृहस्थ एकाच बाजूने चावतात. आणि ह्या बाई झोपेत दात खातात." ते बहुतेक खरं निघायचं. झोपेत दात खाणाऱ्यांचा मात्र तिला अलीकडे हेवा वाटायला लागला होता. निदान त्यांना झोप तरी लागत होती.

तिची झोप उडाली त्याला पाच वर्षं झाली होती. अंथरुणाला पाठ टेकली की डोळे टक्क उघडे. कूस बदल, उशी पालट, पाणी पी, पुन्हा कूस बदल. पहाटेला जरा डोळा लागायचा, तोवर गजर व्हायचा. थोरली रोज फोनवर विचारायची, "काल झोप लागली का गं?" आणि उत्तराची वाट न बघता नवा उपाय सांगायची. तळपायांना तेल चोळ. गरम दूध घे. डाव्या कुशीवर नीज. धाकटीने सगळे उपाय केले. तळपाय मऊ झाले, एवढाच काय तो गुण.

लॅबमध्ये तेवीस वर्षांत तिच्या कामाबद्दल तक्रार आली नव्हती. त्या वर्षी आली. दोन डब्यांवरच्या चिठ्ठ्या तिने अदलाबदल करून चिकटवल्या आणि एका निवृत्त हेडमास्तरांची कवळी गेली एका न्हाव्याला, न्हाव्याची हेडमास्तरांना. हेडमास्तरांनी तासाभरात आकांडतांडव केलं. न्हावी बिचारा भला माणूस, त्याने चार दिवस कळ काढली. पाचव्या दिवशी डेंटिस्टला म्हणाला, "चावता काही येत नाही, पण बोलणं फार शुद्ध यायला लागलंय."

मालक यावर हसले नाहीत. "बाई, तुमच्या हातून असं? झोपेत होता काय?"

"झोपेत असते तर चांगलंच होतं की," ती म्हणाली.

मालकांनीच तिला डॉक्टरकडे धाडलं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. गोळी घेतली की ती दोन तास दगडासारखी पडायची आणि मग दचकून उठून बसायची, कान दाराकडे. कशाने जाग आली विचारलं तर काही नाही. दार बंद, कडी लावलेली, जिन्यात चिटपाखरू नाही.

डॉक्टरांनी विचारलं, "कसली काळजी आहे का?" ती नाही म्हणाली. ते खोटं नव्हतं. काळजी नव्हती, सवय होती.

तिचं असं झालं होतं की, अठ्ठाविसाव्या वर्षापासून पुढची चौदा वर्षं ती एका मैत्रिणीबरोबर एका खोलीत राहिली. मैत्रीण चष्म्याच्या दुकानात भिंगं घासायची. लोकांना सांगितलं होतं की मावसबहीण आहे. खोलीत दोन गाद्या होत्या, एक खिडकीखाली आणि एक कपाटापाशी. रोज रात्री दोघी त्या एकमेकींना जोडायच्या आणि बाहेर जरा चाहूल लागली की झटकन ओढून लांब करायच्या. घरमालकिणीकडे दुसरी किल्ली होती आणि आगाऊ सांगून येण्याची पद्धत तिला माहीत नव्हती. शिवाय थोरलीही वेळी-अवेळी डबा घेऊन यायची. तिला जुनाट खोकला होता. पहिल्या मजल्यापाशी ती एकदा खोकायची, वळणावर पुन्हा एकदा. दुसरा खोकला ऐकू येईपर्यंत गाद्या आपापल्या जागी गेलेल्या असायच्या. भिंगवालीला गाढ झोप लागायची, त्यामुळे कान उघडे ठेवायचं काम हिच्याकडे आलं. चौदा वर्षं हिने झोप घेतली ती अशी, एक डोळा मिटून.

मग एक दिवस भिंगवाली दोन बॅगा भरून दुसऱ्या शहरात निघून गेली. भांडण नाही, तंटा नाही. "मला कंटाळा आला लपायचा," एवढंच म्हणाली. धाकटीने खोली बदलली, दुसरी गादी देऊन टाकली. आता ओढायला काही उरलं नव्हतं, पण कान काही ऐकेनात.

राणीसाहेब लॅबमध्ये आले ते कवळ्यांची अदलाबदल झाली त्याच सुमाराला. भरदार खांद्यांचा, चाळिशी ओलांडलेला माणूस, दिवसा घरोघर विजेचे मीटर वाचत फिरणारा. महिन्यातून एकदा तो भरजरी झगा आणि मुकुट घालून रंगमंचावर राणी व्हायचा, गाणी म्हणायचा, प्रेक्षकांची टिंगल करायचा. त्याला सुळ्यावर बसवायला सोनेरी टोपण हवं होतं, काढता-घालता येण्याजोगं.

"कायमचं का नाही करून घेत?" तिने विचारलं.

"दारोदार बिलासाठी फिरतो मी, ताई. सोन्याचा दात दिसला तर लोक म्हणतील, आमचे पैसे इथे गेले."

ती हसली. बऱ्याच दिवसांनी हसली असावी, कारण शेजारच्या टेबलावरच्या माणसाने मान वर करून पाहिलं. राणीसाहेबांनीही तिच्याकडे नीट पाहिलं आणि आवाज खाली आणून म्हणाले, "तुम्ही आपल्यातल्याच ना?"

तिने टेबलावरचं मेण उगाच सारखं केलं. त्यांनी पत्ता लिहून दिला. "रविवारी दुपारी तालीम असते. दात तिथेच बसवून द्या. चहा मिळेल."

ती असल्या ठिकाणी कधी गेली नव्हती. भिंगवाली म्हणायची, "आपण काही तसल्या नाही." तसल्या म्हणजे कसल्या, हे दोघींनीही कधी उलगडून पाहिलं नव्हतं.

टायरच्या दुकानावर एक लांबट हॉल होता. वर गेल्यावर तिला दिसलं ते असं: डोकं तुळतुळीत केलेल्या दोन बाया शिडीवर चढून दिवे लावताहेत, एक पोक्त पुरुष उंच टाचांच्या चपला घालून भिंतीला धरून चालायला शिकतोय, मानेपर्यंत गोंदवलेला एक जण शिलाई मशीनवर झालर शिवतोय, आणि तीस वर्षं एकत्र राहिलेले दोन म्हातारे चहात साखर किती यावर हमरीतुमरीवर आलेत. कोपऱ्यात एक बाई ड्रम बडवत होती. ती रक्त तपासणीच्या केंद्रात सुया टोचायची आणि रविवारी त्याचा वचपा काढायची, असं राणीसाहेबांनी सांगितलं.

"पाच मिनिटं बसा, मी तोंड धुऊन आलो," ते म्हणाले. ती मखमली पडद्यांच्या ढिगावर टेकली. पर्स मांडीवर, दाताची डबी हातात.

जाग आली तेव्हा दिवे लागले होते. साडेचार तास गेले होते. पायातल्या चपला कुणीतरी काढून शेजारी नीट जोडून ठेवल्या होत्या, अंगावर राणीचा झगा पांघरला होता आणि हातातली डबी मात्र तिने तशीच घट्ट धरलेली होती. ती ओशाळली. "मला उठवायचं नाही का?"

"उठवलं की," उंच टाचांवाला म्हणाला. "दोनदा. एकदा तर मी तुमच्या अंगावर पडलोसुद्धा."

भुकेला कोंडा आणि निजेला धोंडा म्हणतात, पण पाच वर्षांत मऊ गादीवर जे साधलं नव्हतं ते ड्रमच्या दणदणाटात साधलं, याचा अर्थ तिला लागेना. पुढच्या रविवारी ती दात नीट बसलाय का बघायचं निमित्त काढून गेली आणि पुन्हा झोपली. तिसऱ्या रविवारी निमित्तही काढलं नाही. कुणीतरी घडीची खाट आणून टाकली. तिचं नाव कवळीताई पडलं ते तेव्हा.

अडचण एकच होती. ती घोरायची. ड्रमवालीने एका गाण्याचं रेकॉर्डिंग केलं, ते ऐकलं आणि तणतणत आली. "तालात घोरली असती तर ठेवलं असतं! हा हॉल आहे का धर्मशाळा?"

बैठक बसली. बरीच घासाघीस होऊन ठरलं की, कपड्यांच्या खोलीत खाट टाकायची आणि दार लोटून घ्यायचं. कवळीताईने लगेच मान्य केलं, वर माफीही मागितली. त्या रविवारी ती आत गेली, तासभर पडून राहिली आणि लाल डोळ्यांनी बाहेर आली.

"काय झालं?" ड्रमवालीने विचारलं.

"दार दिसतं तिथून."

"मग?"

"मग लक्ष तिकडेच जातं. इथे तुम्ही सगळे असता. कुणी आलं तर तुम्हाला कळेल, मला कळायची गरज नाही."

ड्रमवाली थोडा वेळ काड्या बोटांत फिरवत राहिली. मग आत गेली, खाट ओढत आणली आणि ड्रमच्या बाजूला टाकली. रेकॉर्डिंग तिने शनिवारवर नेलं.

इकडे थोरली बेचैन झाली होती. रविवारी चार वाजता फोन करायचा तिचा वर्षानुवर्षांचा नेम होता आणि ओळीने सहा रविवार धाकटी फोन उचलत नव्हती. सातव्या रविवारी ती तिच्या खोलीवर गेली. कुलूप. शेजारीण म्हणाली, "त्या टायरच्या दुकानावर जातात. तिथे नाचगाणं असतं म्हणे."

थोरली साठीची, गुडघे दुखणारी. हॉलचा जिना ती कठड्याला धरून चढली. दार राणीसाहेबांनी उघडलं. एका डोळ्याला निळा रंग लावून झाला होता, दुसरा व्हायचा होता. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. "जरा हळू बोला हं. झोपल्यात."

आत ड्रम वाजत होता, मशीन खडखडत होती, म्हातारे भांडत होते. सगळ्यांच्या मधोमध खाटेवर धाकटी आ वासून ढाराढूर झोपली होती. थोरलीने तो सगळा कारखाना एकदा डोळे भरून पाहिला. मग म्हणाली, "मी जिन्यात खोकले. दोनदा."

राणीसाहेबांना काही कळलं नाही. "पाणी देऊ का?"

"नको. खुर्ची द्या."

ती दोन तास बसून राहिली. मध्ये चहा आला, तो घेतला. गोंदवलेल्याने तोंडात टाचण्या धरलेल्या पाहून म्हणाली, "गिळशील एखादी. काढ आधी." त्याने काढल्या.

धाकटी उठली, समोर थोरली. तिचा हात खाटेच्या कडेला गेला, काहीतरी ओढायचं असल्यासारखा. मग थांबला.

"कधी आलीस?"

"झाला वेळ. मी खोकले तरी तू उठली नाहीस."

"झोपले होते."

"दिसलं. तुझ्या त्या खोलीत तर पहिल्या खोकल्यालाच गाद्यांची ओढाओढ सुरू व्हायची. खालपर्यंत ऐकू यायची."

"तुला माहीत होतं?"

"मला कुठे खोकला होता गं? मुद्दाम खोकायचे. म्हटलं, पोरींना सावरायला वेळ मिळावा."

"आणि मी तुझ्या खोकल्यासाठी चौदा वर्षं जागी राहिले," धाकटी म्हणाली.

ड्रमवालीने वाजवणं थांबवलं होतं, तिने उगाच एक ठोका दिला. थोरली पदराने चष्मा पुसायला लागली आणि बराच वेळ पुसत राहिली. "बोलायला हवं होतं," ती शेवटी म्हणाली. "पण काय बोलायचं तेच सुचेना. डबा आणणं सोपं होतं."

"डबे चांगले असायचे," धाकटी म्हणाली.

जिना उतरताना धाकटीने तिचा हात धरला. खाली आल्यावर थोरलीने विचारलं, "ती मावसबहीण आता कुठे असते?" धाकटीने शहराचं नाव सांगितलं. "बरी आहे ना?" "असावी." रिक्षा आली, थोरली गेली.

त्यानंतर कवळीताईची झोप सुधारली, असं सरळ सांगता आलं असतं तर बरं झालं असतं. घरी ती अजूनही आठवड्यातल्या तीन-चार रात्री जागीच असते, पण दचकून उठणं कमी झालंय. गोळी अर्ध्यावर आली. मालकांनी चिठ्ठ्या लावायचं काम मात्र दुसऱ्याकडे दिलं ते दिलंच. हॉलमध्ये खाटा तीन झाल्या. एक रात्रपाळीची नर्स येते आणि घरातून हाकललेला एक सुतार येतो. त्याला पलंग बनवता येतात पण झोपायला जागा नव्हती. थोरली महिन्यातून एखाद्या रविवारी येते, झालरींना टाके घालते आणि म्हाताऱ्यांच्या साखरेच्या भांडणात कायम धाकट्या म्हाताऱ्याची बाजू घेते.

मागच्या वर्षी तो हॉल सुटला. नवा मिळाला तो शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, दोन बस बदलून जावं लागतं. पहिल्याच रविवारी कंडक्टरने तिला शेवटच्या थांब्याचं तिकीट फाडून दिलं आणि म्हणाला, "एवढ्या लांब? त्या बाजूला तर काहीच नाही. कामाला चाललात?"

"नाही हो," कवळीताई म्हणाली, "झोपायला." आणि सुट्टे पैसे मोजून पर्समध्ये टाकले.