न व्यालेल्या म्हशीचा खरवस

लग्न होऊन मी विश्रामबागेतून कुंडलला आले, तेव्हा स्वयंपाकातली एकच गोष्ट मला भरवशाने जमत होती. दूध, दही आणि डब्यात मिळणारं आटवलेलं गोड दूध सारखं घ्यायचं, घोटायचं आणि वेलदोडा टाकून वाफवायचं. मोबाइलवर त्याला पुडिंग म्हणत होते. नवरा फौजेत, सुट्टी संपवून गेलेला. घरात सासू, सासरे आणि मी. सासरेही फौजेतून निवृत्त झालेले. एके दिवशी मी ते केलं, तेव्हा त्यांनी दोन वड्या खाऊन नुसती मान हलवली, म्हणजे पसंत पडलं.

तेवढ्यात शेजारच्या काकू विरजण मागायला आल्या. मी त्यांच्याही हातावर वडी ठेवली. चव घेऊन त्या म्हणाल्या, "खरवस लय ग्वाड झालाय. म्हस कवा व्याली?"

आमची म्हैस गाभण होती, दिवस भरत आले होते, पण व्याली नव्हती. मी तसं सांगणार, त्याआधीच सासूबाई म्हणाल्या, "पहाटं."

काकू गेल्यावर मी सासूबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, डब्यातल्या दुधाचं समजावत कोण बसणार, आणि म्हैस आज ना उद्या व्यायचीच आहे.

म्हशीला काही घाई नव्हती. गल्लीत मात्र बातमी फिरली. म्हैस व्याली की शेजारीपाजारी चीक वाटायची पद्धत, आणि आम्ही तो एकट्यांनीच खाल्ला, असं बोललं जाऊ लागलं. सासूबाईंनी मला दुकानातून दुधाचे डबे आणायला लावले, आणि मी सबंध गल्लीला पुरेल एवढं पुडिंग केलं. कच्चा चीक का नाही दिला, असं कुणी विचारलं तर सासूबाई म्हणत, सूनबाईला हौस. मग लोक रेडकू बघायला यायला लागले. त्याला दृष्ट लागते म्हणून कुणाला दाखवत नाही, असं सासूबाईंनी सांगून टाकलं. सासऱ्यांनी नोकरीत कधी खोटं बोललो नाही, आताही बोलणार नाही, असं आम्हाला बजावलं आणि ते गोठ्याच्या दारात खुर्ची टाकून पेपर वाचत बसले. त्यांना ओलांडून जायची कुणाची छाती झाली नाही.

पंधरवड्याने म्हैस भर दुपारी व्याली. धावपळीत दाराकडे लक्ष राहिलं नाही, आणि काकू सरळ गोठ्यात येऊन उभ्या राहिल्या. रेडकू लटपटत उठायचं आणि बसायचं. त्या बराच वेळ बघत राहिल्या.

"पंदरा दिसाचं रेडकू, आन् अजून वलंच?"

सासूबाई माझ्याकडे बघायला लागल्या, मी सासऱ्यांकडे. त्यांच्या बाह्या कोपरापर्यंत वर होत्या. ते हलक्या आवाजात म्हणाले, "आंगूळ घातलीया."

मला वाटलं, आता सगळं संपलं. पण काकूंना रेडकाची काळजी वाटली होती. एवढ्या दिवसांत त्याला धड उभं राहता येत नाही, म्हणजे काहीतरी दुखणं असणार. घटकाभरात त्या ओव्याची धुरी घेऊन आल्या, मागोमाग गल्लीतले चार म्हातारे. एकाने रेडकाचे गुडघे चाचपले. दुसऱ्याने तर डॉक्टरला फोन लावायला घेतला, तो सासूबाईंनी कसाबसा थांबवला. सासरे सगळ्यांचं ऐकत ताठ उभे होते. संध्याकाळी रेडकू आपलं आपण चालायला लागलं, आणि ज्याने त्याने ते आपल्याच उपायाचं यश मानलं.

त्या रात्री खरा चीक पातेलंभर निघाला, आणि तो कुणालाच देता येईना. पंधरा दिवसांनी पुन्हा चीक कुठून आला, हे सांगायचं कसं? आम्ही दार लावून खरवस केला आणि तिघांनीच खाल्ला. सकाळी पुन्हा चीक निघाला. जेवणात खरवस, चहाबरोबर खरवस. सासूबाई वाढतच होत्या. तिसऱ्या दिवशी सासऱ्यांनी ताट हळूच बाजूला सारलं आणि मला विचारलं, "पोरी, तुला पिठलं येतं का गं?"