पहिल्या रविवारचं उघडं दार

आमच्या मंडळीत दर रविवारी आजारी माणसांच्या नावांची यादी वाचली जाते आणि त्यांच्यासाठी प्रार्थना होते. ती यादी मी वाचतो. माझं नाव आनंद. वय सदुसष्ट, संरक्षण खात्याच्या कारखान्यातून कारकून म्हणून निवृत्त, आणि गेली बारा वर्षं खडकीतल्या आमच्या छोट्या मराठी चर्चचा सेक्रेटरी. माझा आवाज चांगला आहे असं लोक म्हणतात आणि मलाही ते खरं वाटायचं. गेल्या नोव्हेंबरात त्याच आवाजात मी एका मेलेल्या बाईसाठी आरोग्य मागितलं आणि दीडशे माणसं त्यावर 'आमेन' म्हणाली.

त्या बाईचं नाव सुंदराबाई पारखे. मंडळीत सगळे त्यांना मावशी म्हणत. नगरकडच्या एका खेड्यातून सतराव्या वर्षी लग्न होऊन त्या पुण्यात आल्या, एका मिशन दवाखान्यात आया म्हणून लागल्या आणि तिथूनच निवृत्त झाल्या. मूलबाळ नव्हतं. नवरा ट्रकवर होता, तो लवकर गेला. विश्रांतवाडीतल्या एका चाळीत एका खोलीत त्या राहायच्या. बायकांच्या बाजूला तिसरा बाक, खिडकीकडची कडेची जागा त्यांची. तिथून सगळं चर्च दिसतं.

ती जागा त्यांनी मुद्दाम धरली होती. उपासना चालू असताना त्या गाणी म्हणायच्या, प्रवचन ऐकायच्या, आणि त्याच वेळी आज कोण आलं नाही ते बघून ठेवायच्या. आपल्याकडे माणसं चर्चमध्ये वर्षानुवर्षं एकाच जागेवर बसतात, त्यामुळे त्यांना ते सोपं जाई. मग उपासना संपली, की चहाचा कप खाली ठेवून त्या थेट बसस्टॉप गाठायच्या आणि न आलेल्या माणसाच्या घरी जाऊन उभ्या राहायच्या. न कळवता, रविवारी, भर दुपारी कुणाचं दार वाजवणं हा पुण्यात गुन्हा आहे. मावशींनी तो पस्तीस वर्षं केला.

आमचे धर्मगुरू, पाळकसाहेब, एकदा त्यांना म्हणाले, "मावशी, कोण आलं, कोण नाही, ते देवाला कळतंच की."

"देवाला समदं कळतं," मावशी म्हणाल्या. "पर जिना आपल्यालाच चढावा लागतो."

माझाही जिना त्या चढल्या होत्या. माझी बायको नम्रता गेली, त्यानंतर मी चार रविवार चर्चला गेलो नाही. लोकांचे फोन आले. 'धीर धरा', 'देवाची इच्छा' वगैरे सगळं ऐकून घेतलं. चौथ्या रविवारी दुपारी मावशी आल्या. देवाचं नाव नाही, शास्त्रातलं वचन नाही. स्वयंपाकघरात गेल्या, तांदळाचा डबा शोधला, ताटात तांदूळ घेऊन खाली बसल्या आणि निवडायला लागल्या. मी बाहेर बसून राहिलो. तासाभराने भात लावून त्या बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "तुमच्या जागेवर एक पाव्हणा बसत होता. मी बसू दिलं न्हाई. पुढच्या रविवारी काय सांगू त्याला?"

पुढच्या रविवारी मी गेलो. मी आज जो काही विश्वासात उभा आहे तो त्या ताटभर तांदळामुळे आहे, प्रवचनांमुळे नाही. हे मी मावशींना कधी सांगितलं नाही. सांगू कधीतरी, असं वाटायचं.

गेल्या वर्षीची गोष्ट. झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आदल्या रविवारी, उपासना झाल्यावर मावशी अशाच कुणाकडे तरी निघाल्या होत्या. येरवड्याला बसमधून उतरताना पाय चुकला आणि खुब्याचं हाड मोडलं. वय एकोणऐंशी. ऑपरेशन झालं, पण पाय पुन्हा धड उभा राहिला नाही. वॉकर धरून खोलीतल्या खोलीत, एवढंच.

तेव्हा मी एक फार हुशारीचं काम केलं. कोरोनाच्या काळात आम्ही उपासना मोबाइलवर दाखवायला लागलो होतो आणि ते नंतरही चालू ठेवलं होतं. मी मंडळीतर्फे मावशींना एक फोन दिला. देताना फोटो काढला, तो ग्रुपवर टाकला. तो लावायचा कसा हे त्यांच्या शेजारच्या द्वारकाताईंना दाखवून ठेवलं. "मावशी, आता तुम्ही घरबसल्या उपासनेला हजर," मी म्हणालो.

मावशींनी फोन उलटसुलट करून बघितला. "यात मला तुमी दिसाल. तुमाला मी दिसंन का?"

मी हसलो. मला तो विनोद वाटला.

घराबाहेर न पडणाऱ्यांकडे प्रभुभोजन घेऊन जायची आमच्यात जुनी रीत आहे. महिन्याच्या पहिल्या रविवारी चर्चमध्ये भाकर आणि द्राक्षरस घेतला जातो, आणि त्याच दुपारी पाळकसाहेब एका जबाबदार माणसाला बरोबर घेऊन आजाऱ्यांच्या घरी जातात. कुणाकडे जायचं ते सेक्रेटरीने ठरवायचं. कोरोनात ही रीत थांबली. आता पाळकसाहेबांकडे दोन चर्च आहेत, दुपारी त्यांना दुसरीकडे जावं लागतं. मी म्हणालो, बघू. ती रीत थांबली ती थांबलीच.

मावशींचा पहिला फोन जूनमध्ये आला. "आनंदा, भोजन घेऊन या की कुनीतरी." मी म्हणालो, पुढच्या महिन्यात नक्की. ऑगस्टमध्ये दुसरा आला. तेव्हा पाऊस होता, रस्ते खणलेले होते आणि माझं गुडघ्याचं दुखणं होतं. तिसरा सप्टेंबरच्या शेवटी. त्या वेळी त्या जास्त बोलल्या नाहीत. "पहिल्या रविवारी दार उघडंच असतं माझं," एवढंच म्हणाल्या.

मी काय केलं? त्यांचं नाव यादीत वर घेतलं. आधी सहावं होतं, ते पहिलं केलं. दर रविवारी मी माईकसमोर उभा राहून म्हणायचो, "आपल्या प्रिय भगिनी सुंदराबाई पारखे यांना प्रभूने आरोग्य व सांत्वन द्यावं." सांत्वन प्रभूने द्यावं, कारण मला वेळ नव्हता. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते याला. खडकीहून विश्रांतवाडी किती लांब आहे? बसने पाऊण तास धरा. रिक्षाने त्याहून कमी.

नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी आमची हंगामाची उपासना होती. नव्या पिकातलं देवाला द्यायचं, म्हणून लोक भोपळे, ऊस, धान्य, कोंबड्या आणतात. नंतर त्याचा लिलाव होतो, जेवण असतं. गुरुवारपासून मी मांडववाले आणि आचारी यांच्या मागे होतो. शुक्रवारी एका अनोळखी नंबरवरून मला दोन फोन आले. मी उचलले नाहीत. हल्ली कर्ज घ्या म्हणून सांगणारे दिवसातून दहा वेळा छळतात. शनिवारी पुन्हा त्याच नंबरवरून आला, तेव्हा मी ऊस बांधत होतो.

रविवारी चर्च गच्च भरलं होतं. मी यादी उघडली आणि पहिलं नाव वाचलं. "आपल्या प्रिय भगिनी सुंदराबाई पारखे यांना प्रभूने आरोग्य..." वगैरे. सगळे 'आमेन' म्हणाले. मी दुसरं नाव वाचणार, एवढ्यात दारातून आवाज आला.

"अहो, कोणासाठी मागताय?"

दारात एक बाई उभ्या होत्या. चपला बाहेर काढलेल्या, हातात मी मावशींना दिलेला फोन. फोनमध्ये माझाच आवाज दोन क्षण मागून येत होता. द्वारकाताईंना ओळखायला मला जरा वेळ लागला.

"त्या गुरुवारी सकाळीच गेल्या," द्वारकाताई म्हणाल्या. "ससूनला शवागारात आहेत. तुमच्या चर्चच्या चिठ्ठीशिवाय तुमच्या कब्रस्तानात घेत नाहीत म्हणाले. कॅलेंडरवरचा नंबर लावला तीनदा. कोणी उचलत नाही. रिक्षात हे लावलं, म्हटलं चालू आहे तोवर माणसं सापडतील. तर तुम्ही त्यांना बरं करताय."

पाळकसाहेब खाली बघत होते. मी माईक बंद करायचाही विसरलो, त्यामुळे पुढे जे काही झालं ते सगळं त्या फोनमधून पुन्हा ऐकू येत राहिलं. मला लाज वाटली. लाज हा शब्द इथे अपुरा आहे, पण दुसरा माझ्याकडे नाही.

चिठ्ठी तिथेच लिहिली. लिलाव रद्द केला. आमच्यात बाईला तिच्या चांगल्या पांढऱ्या साडीत पुरतात, म्हणून ती साडी आणायला मी दुपारी द्वारकाताईंबरोबर विश्रांतवाडीला गेलो. फोन दिला त्यानंतर पहिल्यांदा.

खोली झाडलेली होती. भिंतीवर आमच्या मंडळीचं कॅलेंडर, त्यावर माझा नंबर. टेबलावर एक पांढरं कापड इस्त्री करून घडी घालून ठेवलेलं, आणि खुर्च्या दोन. एकट्या बाईच्या खोलीत समोरासमोर दोन खुर्च्या बघून मी विचारलं, "कोणी येत होतं का?"

"तुम्ही येणार होता ना," द्वारकाताई म्हणाल्या.

मग त्यांनी सांगितलं. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मावशी पहाटे उठून अंघोळ करायच्या. वॉकर धरून, तासभर लागायचा. पांढरी साडी नेसायच्या, टेबलावर ते कापड अंथरायच्या, आणि फोनवर उपासना झाली की दार उघडं टाकून बसायच्या. एक वाजला, दोन वाजले. जेवायच्या नाहीत, भोजनाच्या आधी जेवायचं नाही म्हणून. तीन वाजता द्वारकाताई येऊन म्हणायच्या, "बाई, आता दार लावू का?" मग त्या हो म्हणायच्या.

"ऑक्टोबरात मला राहवलं नाही," द्वारकाताई म्हणाल्या. "मी खाली जाऊन पाव आणला. म्हटलं, घ्या, तुमचा देव काय नाही म्हणेल का? तर म्हणाल्या, ह्ये ते न्हाई. त्याला पाळकसाहेब लागतात. मी म्हटलं, बरं, मग नुसता पाव समजून खा. तर म्हणाल्या, एकटीनं न्हाई खायाचा, तू समोर बस. मी म्हटलं, बाई, आम्ही बौद्ध. म्हणाल्या, ठावं हाय मला, बस. मग अर्धा त्यांनी खाल्ला, अर्धा मी. चहात बुडवून. लई रडल्या त्या दिवशी."

साडी कपाटात वरच होती. पहिल्या रविवारसाठी धुवून ठेवलेली. ती मी तशीच पिशवीत कोंबायला लागलो. द्वारकाताईंनी पिशवी माझ्याकडून घेतली आणि साडीची घडी मोडू न देता आत ठेवली.

सोमवारी दफन झालं. मी रविवारी संध्याकाळी ग्रुपवर निरोप टाकला होता. दोनशेवर माणसं आली. पुण्यातली, पिंपरीची, कुणी तर लोणी काळभोरहून रजा टाकून आले. मावशींनी ज्यांचे जिने चढले होते ते सगळे. गाणी अशी म्हटली की बाहेरचे लोक थांबून ऐकत होते. पेटी उचलायला खांद्यांची रांग लागली. वरातीमागून घोडं, पण घोडं मोठं रुबाबदार. मूठमाती द्यायला द्वारकाताई सगळ्यांत मागे उभ्या होत्या. पाळकसाहेबांनी त्यांना पुढे बोलावलं. त्यांनी माती टाकली आणि त्या निघून गेल्या.

पुढच्या रविवारी मी यादी वाचली नाही. वाचायला उभा राहिलो आणि माझी नजर तिसऱ्या बाकावर खिडकीकडे गेली. मग आयुष्यात पहिल्यांदा मी मावशींसारखं सगळं चर्च बघितलं, कोण नाही ते. पुरुषांच्या बाजूला शेवटच्या बाकाची कडेची जागा रिकामी होती. कचरूभाऊ थोरातांची. ऐंशीच्या पुढचे, येरवड्याला एकटे राहतात. पूर्वी आमच्या चर्चची घंटा तेच वाजवायचे. यादीत ते चौथे होते. मला आठवलं, झावळ्यांच्या रविवारीही ते आले नव्हते, आणि मावशी बसमधून उतरल्या त्या येरवड्यालाच.

उपासना संपल्यावर मी चहा न घेता बस पकडली. दोन जिने होते. माझा गुडघा दुखत होता. दाराची कडी वाजवली. बराच वेळ आत काहीतरी सरकत राहिलं. मग कचरूभाऊंनी दार उघडलं. अंगात बनियन, डोळ्यांवर जाड चष्मा. मला बघून त्यांनी दाराची चौकट धरली.

"सलाम, सेक्रेटरी," ते म्हणाले. "कोण गेलं?"

"कोणी नाही. तुम्ही आज चर्चला दिसला नाहीत, म्हणून आलो."

त्यांनी माझ्या मागे जिन्यात वाकून बघितलं. आणखी कोणी आहे का ते. कोणी नव्हतं.

"त्यापाई सुंदराबाई येती," ते म्हणाले. "तुमी न्हाई येत. खरं सांगा, कोण गेलं?"

मग मला सांगावं लागलं. कचरूभाऊंकडे असला फोन नाही, ग्रुप नाही, आणि दफन होऊन सहा दिवस झाले होते.